हात तोच, वेग वेगळा

अमेरिकेतल्या लिटल लीग या लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये पिचर (चेंडू टाकणारा) आणि बॅटर यांच्यात अंतर असतं अवघं 46 फूट. मोठ्यांच्या सामन्यात ते 60 फूट 6 इंच. ताशी 60 मैलांचा चेंडू हे 46 फूट साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. त्याच झोकात ताशी 50 मैलांचा आला, तर तो सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोहोचतो. तेवढ्यात बॅट फिरून गेलेली असते!

हा हळू चेंडू म्हणजे चेंज-अप. क्रिकेटमधल्या ‘स्लोअर वन’चा सख्खा भाऊ. अंगठा आणि तर्जनी चेंडूच्या कडेला जुळवून गोल करायचा, चेंडू तळहाताकडे खोल धरायचा आणि हात मात्र फास्टबॉलइतक्याच जोरात फिरवायचा. मुलं नेमकी इथेच चुकतात. चेंडू हळू टाकायचा म्हणून हातच हळू करतात, आणि बॅटरला आधीच कळतं.

दुसरी चूक अतिहुशारीची. फास्टबॉलला उशिरा बॅट फिरवणाऱ्या कच्च्या बॅटरला चेंज-अप टाकणं म्हणजे त्याला आयती भेट देणं. त्याला पुन्हा फास्टबॉलच टाकावा, पण जागा बदलून: एकदा आत, एकदा बाहेर.

कर्व्हबॉलची, म्हणजे वळणाऱ्या चेंडूची, घाई नको. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ सूचनाही आधी फास्टबॉल आणि चेंज-अप पक्के करायला सांगतात. शिवाय हात जपण्यासाठी लिटल लीगमध्ये 11-12 वर्षांच्या पिचरला दिवसाला जास्तीत जास्त 85 चेंडू टाकता येतात. 66 किंवा अधिक टाकले, तर चार दिवस सक्तीची विश्रांती.