वॅटचा आकडा आणि घरातले गाणे

इंदूरचे उस्ताद अमीर खाँ किंवा देवासचे कुमार गंधर्व यांच्या तबकड्या आपल्यापैकी अनेकांनी जपून ठेवल्या असतील. त्या ऐकण्यासाठी ॲम्प्लिफायर घ्यायचा तर पहिला प्रश्न येतो, किती वॅटचा? ‘स्पीकर ६० वॅटचा असेल तर ॲम्प्लिफायर लहानच घ्या, नाहीतर स्पीकर जळेल,’ असा सल्लाही मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

स्पीकरवरचा वॅटचा आकडा तो किती शक्ती सोसेल एवढेच सांगतो. आवाज किती निघेल, हे त्याच्या संवेदनशीलतेवरून कळते. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर जितके डेसिबल मिळतात, ती त्याची संवेदनशीलता. शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून ८७ डेसिबलच्या स्पीकरला जिथे ४० वॅट लागतात, तिथे ९० डेसिबलच्या स्पीकरला २० वॅट पुरतात.

बैठकीच्या खोलीत बेताच्या आवाजात ख्याल ऐकताना सरासरी एखादा वॅटच खर्च होतो. पण तबल्याची थाप क्षणभर १० डेसिबलने उसळली, तर त्या क्षणी दहापट शक्ती लागते. २० डेसिबलने उसळली, तर शंभरपट. तेवढी शक्ती नसलेला ॲम्प्लिफायर ध्वनिलहरींची शिखरे छाटतो. छाटलेल्या लहरींत मुळात नसलेली उच्च कंपने मिसळतात. त्यांचा भार नाजूक ट्वीटरवर पडतो आणि तोच आधी जळतो. म्हणजे बेताने वाजवलेल्या मोठ्या ॲम्प्लिफायरपेक्षा, बटण टोकाला नेऊन राबवलेला लहान ॲम्प्लिफायरच अधिक घातक ठरतो.

दुसरी गोष्ट ओहमची. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की रोध ४ ओहमच उरतो आणि ॲम्प्लिफायरला दुप्पट प्रवाह पुरवावा लागतो. ज्याच्या पाठीवर ‘किमान ८ ओहम’ असे लिहिले आहे, तो अशा जोडणीने तापतो, बिघडूही शकतो.

खरेदी करताना खोक्यावर ठळक छापलेल्या ‘पीएमपीओ’ वॅटकडे लक्ष देऊ नका. सलग मिळणारी, म्हणजे ‘आरएमएस’, शक्ती विचारा. ती स्पीकरच्या सोसण्याच्या आकड्याइतकी किंवा थोडी अधिक असली तरी चालते. मात्र आवाज फाटू लागताच बटण मागे घ्यावे. शेवटी दुकानात आपल्या ओळखीची एखादी द्रुत बंदिश लावून पाहा. तानेच्या भरातही तबल्याचे बोल स्वच्छ ऐकू आले, तर जोडी जमली असे समजा.