विसर्ग उतरतो, धरण चढतं

बारामतीत अकरावीच्या वर्गाला वेग-काल आलेख शिकवताना गाडी आणि ब्रेकची उदाहरणं मुलं मुकाट्यानं उतरवून घेतात. उजनीचं नाव निघालं की वर्ग सरसावून बसतो. इंदापूर तालुक्यातून येणाऱ्या पोरांच्या घरी पावसाळ्यात सकाळी आधी बघितला जातो तो दौंडहून उजनी धरणात येणारा विसर्ग. म्हणून मी त्याचाच आलेख काढायला लावतो.

आडव्या अक्षावर 1 सेंटिमीटर म्हणजे एक दिवस, उभ्या अक्षावर 10,000 क्युसेक. समजा, विसर्ग 60,000 वरून एकसारखा उतरत चार दिवसांत 20,000 वर आला. मग धरणाचं काय झालं?

"कमी झालं, सर." हे उत्तर दरवर्षी येतं, आणि ते येऊ द्यावं असंच मला वाटतं. गणित त्यानंतरच मनापासून मांडलं जातं.

रेघेची उंची सांगते पाणी किती जोरानं येतंय. किती आलं, ते रेघेखालच्या चौकोनांत असतं. सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक आणि दिवसाचे सेकंद 86,400. म्हणजे आपला एक चौकोन 86.4 कोटी घनफुटांचा, 0.864 टीएमसीचा. मुलं पेन्सिलीचं टोक टेकवत मोजतात: पुरे 14, तिरके कापलेले अर्धे 4. एकूण 16 चौकोन, 13.8 टीएमसी. उजनीचा उपयुक्त साठा 53.57 टीएमसी. खाली काही सोडलं नाही, तर विसर्ग उतरत असताना धरण सुमारे 26 टक्के चढलं! ब्रेक लावलेली गाडीही थांबेपर्यंत पुढेच जाते, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

आता साठ्याचा आलेख. पहिल्या दिवशी 4.75 टीएमसीची भर, चौथ्या दिवशी 2.16. रेघ चढतीच, पण तिचा चढ कमी होत जातो. हा चढ म्हणजेच आवक.

उन्हाळ्यात उजनी 'मायनस'मध्ये जाते आणि पळसदेवचं पाण्यात बुडालेलं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं. तेव्हाही धरणात पाणी असतं. शून्य आपण 63.66 टीएमसीच्या मृतसाठ्यावर धरलेलं असतं. शून्य कुठेही धरा, चढ बदलत नाही. जूनअखेर पाणी यायला लागलं की साठा उणे असतो आणि चढ अधिक. ही एवढी गोष्ट ज्याला कळली, त्याला उणे वेग आणि अधिक त्वरण एकत्र कसे नांदतात, हे सहज कळतं.

शेवटी आवकेच्या रेघेवरच धरणातून सोडलेल्या पाण्याची दुसरी रेघ ओढायची. दोन रेघांमधलं क्षेत्रफळ म्हणजे धरणात राहिलेलं पाणी. उतरती आवक त्या रेघेला जिथे छेदते, तिथे साठ्याचा चढ शून्य होतो. त्या वेळी साठा सर्वांत जास्त असतो, आवक नव्हे.