सिरप

सिरप हा साखरेच्या दाट, चिकट द्रावणासाठी वापरला जाणारा इंग्रजी शब्द आहे. ‘पेय’ या अर्थाच्या अरबी ‘शराब’ शब्दापासून मध्ययुगीन लॅटिन व जुन्या फ्रेंच भाषांमार्गे तो इंग्रजीत आला. मराठीतील ‘सरबत’ हा शब्दही मूळच्या त्याच अरबी धातूचा होय.

स्वयंपाकातील साखरेच्या सिरपला मराठीत ‘पाक’, तर उसाचा रस आटवून केलेल्या दाट द्रवाला ‘काकवी’ म्हणतात. औषधनिर्माणशास्त्रातील साध्या सिरपमध्ये वजनाने सुमारे ६६.७ टक्के साखर असते; इतक्या संहत द्रावणात सूक्ष्मजीवांची वाढ रोखली जाते. मराठी व्यवहारात मात्र कोणत्याही गोडसर द्रव औषधास ‘सिरप’ म्हटले जाते. काही सिरप साखरविरहितही असतात. त्यामुळे मधुमेही व्यक्तींनी केवळ नावावर न जाता वेष्टनावरील घटक पाहणे आवश्यक ठरते.