पुसल्याशिवाय दुसरी हाक नाही

रात्रीचा दीड. प्रयोगशाळेत २२ अंशांवर ठेवलेली तीन पेट्री डिश, आणि मी. पहिलीतल्या आगरवर डिक्टिओस्टेलियमचे अमीबा पसरलेत. संध्याकाळी आठ वाजता आम्ही ते धुतले, त्यांचं अन्न असलेले जीवाणू काढून टाकले. साडेपाच तास झाले, पोटात काही नाही.

सूक्ष्मदर्शकाच्या काळ्या पटलावर एक उजळ कडं उमटतं, बाहेर बाहेर पसरत जातं. मी घड्याळाकडे बघते. साधारण सहा मिनिटांनी त्याच जागेतून दुसरं निघतं. उजळ पट्ट्यातल्या पेशी लांबट होऊन केंद्राकडे सरकतात, काळ्या पट्ट्यातल्या गोलसर होऊन थांबतात. लाट बाहेर जाते, पेशी आत येतात. कितीदा पाहिलं तरी मन भरत नाही.

ही भुकेची हाक आहे. एक पेशी सायक्लिक एएमपी हे रसायन सोडते. शेजारणीला ते पृष्ठभागावरच्या ग्राहीतून कळतं. तिच्यातलं अ‍ॅडेनिलिल सायक्लेज हे विकर आणखी सायक्लिक एएमपी घडवतं, ते ती बाहेर सोडते आणि हाकेच्या दिशेनं पाऊल टाकते. १९४७ मध्ये जॉन बॉनर यांनी या तेव्हा अज्ञात असलेल्या रसायनाला अ‍ॅक्रासिन म्हटलं. ते सायक्लिक एएमपी असल्याचं १९६७ मध्ये उलगडलं.

पण मला आज दुसरी डिश दाखवायची आहे. तिच्यातल्या पेशींकडे फॉस्फोडायस्टरेजचं जनुक नाही. एरवी पेशी हे विकर बाहेर सोडतात आणि ते सायक्लिक एएमपी तोडून टाकतं. इथे ते नाही, म्हणून रसायन साचून राहतं. सगळीकडूनच हाक येत असेल, तर जायचं कुठे? एकही कडं नाही. पेशी जागच्या जागी.

तिसऱ्या डिशमध्ये पेशी त्याच, फक्त हे विकर आम्ही बाहेरून घातलंय. तिथे पेशींचे ओघ वाहू लागलेत, छोटे ढीग बांधले जाताहेत. हाक देणाऱ्या विकराचं कौतुक सगळे करतात. पुसणाऱ्याला तेवढाच मान मिळायला हवा.

पहाटेपर्यंत पहिल्या डिशमध्ये हजारो पेशींचे ढीग उभे राहतात, दुपारी त्यांच्या गोगलगायीसारख्या काया सरपटू लागतात. संध्याकाळी आठ वाजता मी पुन्हा डोळा लावते. केसासारखे बारीक देठ, प्रत्येकाच्या टोकाला बीजाणूंचा थेंब. देठ मेलेल्या पेशींचा आहे, साधारण पाचातली एक.

दुसऱ्या डिशमध्ये अजून सपाट थरच आहे.