टोळ एकमेकांवर आदळत का नाहीत?

मे 2020 मध्ये मध्य प्रदेशातून टोळधाड अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्यात उतरली. दाट थव्यात उडतानाही टोळ एकमेकांवर क्वचितच आदळतात. ही करामत त्यांच्या चेतापेशींची.

संयुक्त डोळ्यातल्या प्रकाशग्राही पेशी उजेड पडताच हिस्टामिन हे रसायन सोडतात. ते दोन पेशींमधली सूक्ष्म फट, म्हणजे चेतासंधी, ओलांडून पुढच्या पेशीचा विद्युतदाब बदलते. आतल्या थरांतून संदेश एका भल्यामोठ्या पेशीकडे येतो. प्रत्येक डोळ्यामागे अशी पेशी असते. तिच्या पंख्यासारख्या फांद्यांवर डोळ्याच्या सगळ्या भागांतून जोड येतात. काही चेतवणारे, काही दाबणारे. वस्तू अंगावर येऊ लागली की तिच्या कडा झपाट्याने फैलावतात, चेतवणारे जोड वरचढ ठरतात आणि पेशी धडाधड स्पंद सोडते. दूर जाणाऱ्या वस्तूला ती फारशी दाद देत नाही. तिचा प्रत्येक स्पंद पुढच्या पेशीत एकास एक उमटतो. ही दुसरी पेशी तो वक्षात, पंख आणि पाय हलवणाऱ्या चेतापेशींपर्यंत नेते.

क्लेअर रिंड आणि पीटर सिमन्स या संशोधकांनी टोळाला ‘स्टार वॉर्स’मधली दृश्ये दाखवून त्याच्या मेंदूपेशीचे स्पंद टिपले. त्याबद्दल 2005 चा इग्नोबेल शांतता पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला. पुरस्कार थट्टेचा असला, तरी प्रयोग अस्सल होता.