लाईट गेली तरी कॅमेरा जागा हवा

आजकाल गावात दुकानावर, गिरणीवर, गोठ्यावर कॅमेरे दिसू लागले आहेत. गटाच्या पापड-मसाल्याच्या खोलीवरही कुणी कुणी बसवले आहेत. पण कॅमेरा चालतो लाईटवर, आणि चोराला अंधार हवा असतो. मळ्यातल्या वस्तीवर तर शेतीपंपाच्या लाईनची लाईट पाळीने येते, आणि वळवाच्या पावसात तार तुटली की रात्र अंधारातच जाते. म्हणून लाईट नसताना ही यंत्रणा कशी चालू ठेवायची, ते आज बघू.

आधी हिशोब. चार कॅमेरे, रेकॉर्डिंगचा डबा म्हणजे डीव्हीआर, आणि इंटरनेटचा राउटर, असं सगळं मिळून साधारण ४० ते ५० वॅट लागतात. छताचा एक जुना पंखा एकटाच ७५ वॅट खातो! म्हणजे कॅमेऱ्यांची भूक फार नाही. त्यांच्या तोंडचा घास पळवतो तो पंखा आणि टीव्ही.

घरात १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी असेल आणि ती चांगल्या स्थितीत असेल, तर नुसत्या कॅमेऱ्यांना ती रात्रभर पुरते. त्याच बॅटरीवर दोन पंखे, टीव्ही आणि दिवे लावले, तर तीन-चार तासांत ती बसते. संध्याकाळी मालिका बघताना बॅटरी संपवली, की रात्री दोनला कॅमेरा आंधळा. त्यामुळे वायरमनकडून इन्व्हर्टरच्या लाईनवर नेमकं काय काय जोडलंय ते एकदा समजून घ्या. कॅमेऱ्यांची जोडणी त्यावर हवीच. टीव्ही काढता आला तर उत्तम.

इन्व्हर्टर नसेल तर कॉम्प्युटरला लावतात तसा छोटा यूपीएस चालतो. पण त्यात बहुधा ७ एएचची बॅटरी असते. ती एवढ्या जोडणीला तासभर कशीबशी चालते, जुनी झाली की तेवढीही नाही. थोड्या वेळाच्या भारनियमनाला ठीक, रात्रीला नाही. नुसता राउटर चालवायला छोटा डीसी यूपीएस मिळतो. मात्र राउटरच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून तेवढ्याचाच घ्या. मळ्यातल्या गोठ्यावर वायर ओढणंच अवघड असेल, तर सोलर पॅनेल, बॅटरी आणि सिमकार्ड असलेला एकच कॅमेरा आम्हाला जास्त सोयीचा वाटतो. पॅनेलवरची धूळ मात्र पुसावी लागते. पावसाळ्यात सलग ढगाळ दिवस असले की तोही दमतो, हे धरून चाला.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ. लाईट गेल्यावर मोबाईलवर चित्र दिसेनासं झालं, म्हणजे कॅमेरा बंद पडला असं नाही. कधी कधी केबलवाल्याच्या खांबावरच्या डब्यातली लाईट गेलेली असते, कधी टॉवरची बॅटरी संपलेली असते. तुमच्या डीव्हीआरला लाईट मिळतेय तोवर चित्रण त्यात साठत राहतं. पण साठलेलं चित्रण सकाळी कामाला येतं. रात्री शेळ्या वाचवायला आवाज लागतो. म्हणून आमचं मत असं, की पैसे मोजके असतील तर चौथ्या कॅमेऱ्याऐवजी स्वतःची बॅटरी असलेला सायरन घ्यावा. दाराला लावायचा छोटा चुंबकाचा अलार्म सेलवर चालतो, त्याला ना लाईट लागते ना नेट. फोन लावणारा अलार्मचा डबा घेणार असाल, तर त्याला कुठलं नेटवर्क लागतं ते विचारा. बरेच डबे टू-जीवर चालतात आणि नुसतं फोर-जी असलेल्या कंपनीचं सिम त्यात चालत नाही. सिमचं रिचार्ज संपलं तरी डबा मुका होतो.

लाईट परत येते तेव्हा कधी कधी झटक्यात जास्त दाब येतो आणि ॲडॉप्टर जळतात. अर्थिंग नीट असावं, आणि सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड वापरावा. लाईट आल्यावर डीव्हीआरवरची तारीख-वेळ बघा. आतला बटणसेल संपला असेल तर घड्याळ मागे जातं. मग पोलिसांना दाखवायला गेलं, तर चोरी आजची आणि चित्रणावर तारीख भलतीच.

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं किंवा विहिरीचं नाही. पाण्याची पातळी महिन्यातून एकदा बघा. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून ती चुलीजवळ किंवा देवघरातल्या दिव्याजवळ ठेवू नका. हवा खेळती हवी.

आणि हे विशेष लक्षात ठेवा. रात्री लाईट गेली, तर आधी खिडकीतून शेजारी बघा. सगळा गाव अंधारात असेल तर लाईनच गेली. शेजारी दिवे चालू आणि फक्त आपल्याच घरी अंधार असेल, तर फ्यूज बघायला एकटीने बाहेर पडू नका. कुणी मुद्दाम वायर ओढलेली असू शकते. आधी शेजारी फोन करा, गटातल्या बायांना उठवा, संशय आला तर ११२ लावा. त्यासाठी मोबाईल रात्री चार्ज असावा, आणि बटणाचा साधा फोन घरात असेल तर तोही.

यंत्रणा खरंच चालते का, हे कळायला महिन्यातून एकदा, गटाच्या बैठकीच्या दिवशी म्हणा हवं तर, संध्याकाळी मेन स्विच बंद करा. घड्याळ लावा. कॅमेरा किती तास टिकला ते गटाच्या वहीत लिहा. मागच्या महिन्यात सहा तास आणि या महिन्यात तीन, असं दिसलं तर बॅटरीवाल्याला बोलवायची वेळ झाली.