मूठ किती जाड, काठी किती जड

जालन्यात दिवेलागणीनंतर मोंढ्याकडची वर्दळ ओसरते आणि स्नूकर पार्लरमधली वाढते. हिरव्या बनातीवर खाली टांगलेले दिवे, खडूचा निळा भुगा, भिंतीला लावलेला लाकडी स्टँड आणि त्यात उभ्या दहा-बारा क्यू. इथली पोरं त्यांना स्टिकच म्हणतात. पूलच्या स्टिकच्या बुडाजवळ आकडा ठोकलेला असतो: 18, 19, 20, 21. हे औंस. बारावीच्या वयाचा एक मुलगा आत येतो आणि आकडे वाचतच हात पुढे करतो.

"भाऊ, एकवीसची द्या. ब्रेक जोरात बसला पाहिजे."

टेबलं सांभाळणारा मार्कर स्टिक देतो, पण मुलाच्या हाताकडे एकदा बघून घेतो. मुलाचा पंजा लहान आहे. एकवीसच्या स्टिकचं बूड चांगलं जाड, त्यात कुणी तरी त्यावर रबराची पट्टी गुंडाळून ते आणखी फुगवलेलं. पहिला फटका खरंच जोरात बसतो, बॉल चहूकडे फुटतात. पुढचा साधा, सरळ पॉट मात्र खिशाच्या ओठावर आपटून परत येतो. त्याच्या पुढचाही.

जड स्टिक म्हणजे जोरदार फटका, ही समजूत सगळीकडे आहे आणि ती अगदीच खोटी नाही. पण तिच्यात किती दम आहे ते मोजता येतं. 18 औंस म्हणजे सुमारे 510 ग्रॅम आणि 21 औंस म्हणजे 595 ग्रॅम. फरक 85 ग्रॅमचा, म्हणजे फार तर अर्ध्या मोसंबीएवढा. पूलचा बॉल 156 ते 170 ग्रॅमचा असतो. दोन्ही स्टिक सारख्याच वेगानं बॉलवर आदळल्या, तर गणिताप्रमाणे जड स्टिकनं बॉलचा वेग चार टक्क्यांनीही वाढत नाही. स्टिकचं वजन जवळजवळ सतरा टक्क्यांनी वाढलं, पदरात पडले चार टक्क्यांहूनही कमी. हात वेगानं फिरवण्याला जास्त मोल आहे, कारण हात जितका वेगात तितकाच बॉलही वेगात.

हलकी स्टिक घेतली की हात वाऱ्यासारखा सुटेल, हेही तसं अर्धंच खरं. साठ किलोच्या माणसाचा कोपरापासून पुढचा हात पंज्यासकट सव्वा किलोच्या पुढे भरतो. फटका मारताना तो सगळा स्टिकबरोबर फिरत असतो. त्यात 85 ग्रॅम इकडे की तिकडे, हाताला ओझं म्हणून ते फारसं कळतच नाही. कळतो तो तोल. स्टिक एका बोटावर आडवी ठेवली की बुडापासून साधारण दीड फुटावर ती स्थिर राहते. वजन वाढवायला बुडात जड स्क्रू बसवला की हा बिंदू मागे सरकतो, पुढचं टोक हलकं पडतं आणि डाव्या हाताच्या बोटांवर टेकलेला शेंडा उचलल्यासारखा वाटतो. स्टिक जड झाली म्हणून जे तक्रार करतात, त्यांतल्या पुष्कळांची खरी तक्रार तोल बिघडल्याची असते.

मुठीच्या जाडीचं काम वेगळं, आणि त्याकडे लक्ष फार कमी जातं. स्टिकच्या शेंड्यावरची टिप आणि बॉल यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरता असतो. तेवढ्या वेळात पंज्याला काहीही सुधारता येत नाही. वजनाचा हिशेब त्या स्पर्शात होतो. मुठीचा हिशेब त्याआधीच संपलेला असतो. पाठीमागून पुढे येताना स्टिक सरळ रेषेत आली की नाही, हे मूठ ठरवते.

ते जवळून पाहायचं तर खेळणाऱ्याच्या मागे उभं राहावं. मूठ फार बारीक असली की ती निसटेल या भीतीनं बोटं आवळली जातात, नखांखालचा भाग पांढरा पडतो आणि ऐन फटक्याला मनगट आत वळतं. फार जाड असली तर लहान पंज्याची बोटं तिच्याभोवती नीट येत नाहीत; स्टिक तळव्यात घट्ट दाबावी लागते आणि मागे नेताना बोटं उघडायला जागा राहत नाही. बूड हलतं आणि शेंडा बरोबर उलट्या बाजूला झुकतो. तो मुलगा नेमकं हेच करत होता. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की घामानं ही ओढाताण आणखी वाढते. मग कुणी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवतो, कुणी बॅडमिंटनची ग्रिप. पकड सुधारते, पण मूठ जाड होते, आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

शेतकऱ्याला हे नव्यानं सांगावं लागत नाही. कुऱ्हाडीला बाभळीचा दांडा बसवताना सुतार वाकसानं तासतो आणि मध्येच धन्याच्या हातात देऊन विचारतो, "बसतोय का?" दुसऱ्याच्या हाताला बेताचा दांडा आपल्या तळव्याला फोड आणतो. पार्लरमधल्या स्टिकबद्दल मात्र असं कुणी विचारत नाही, याचं वाईट वाटतं.

स्नूकरच्या टेबलावर आकडे बदलतात. तिथला बॉल 52.5 मिलिमीटरचा, पूलच्या 57 मिलिमीटरच्या बॉलपेक्षा लहान आणि हलका. म्हणून टिपही बारीक, नऊ-दहा मिलिमीटरची, पूलची बारा-तेराची. स्नूकरची क्यू बहुधा 17 ते 19 औंसांची, आणि तिच्या बुडाला एका बाजूनं सपाट कापलेलं असतं, म्हणजे दर खेपेला तीच बाजू वर धरता येते. पूलच्या नियमांत क्यूला 25 औंसांची कमाल मर्यादा आहे. स्नूकरचे नियम लांबी किमान तीन फूट मागतात; वजनाबद्दल काही म्हणत नाहीत.

हा खेळ आपल्याला परका नाही. स्नूकरचा जन्मच 1875 मध्ये जबलपूरला, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाला. 1958 मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकून स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवून देणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मले. बिलियर्ड्स-स्नूकरपटू पंकज अडवाणीही पुण्यातच जन्मले, 1985 मध्ये. आणि हाताला बसलेली एकच क्यू काय करते याचं उदाहरण स्कॉटलंडचे स्टीफन हेंड्री. अवघ्या चाळीस पौंड किमतीच्या क्यूवर त्यांनी सात जागतिक विजेतेपदं मिळवली. 2003 मध्ये विमानप्रवासात ती मोडली. त्यानंतर आठवं आलं नाही. ते त्या क्यूमुळेच, असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण इतक्या वर्षांची सवय दुकानात विकत मिळत नाही हे खरं.

पार्लरमधल्या मुलाला हीच सवय कधी लागत नाही. आज 21, उद्या जी रिकामी असेल ती. प्रत्येक स्टिकची मूठ निराळी, तोल निराळा. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात एखादी वाकलेलीही असते. टेबलावर लोळवून ते कळतं; डोळ्याला लावून शेंड्यापर्यंत पाहिलं तर अधिक चांगलं कळतं. चुकलेल्या पॉटचा दोष मुलगा स्वतःच्या हाताला देतो आणि हात आणखी आवळतो.

तिसऱ्या फ्रेमला मार्कर उठतो. एकवीसची काढून घेतो, एकोणीसची, बिनपट्टीची, मुलाच्या हातात देतो.

"बोटावर धर आधी. आता सैल पकड. निसटत नाही, बघ."

मुलगा लांबचा लाल बॉल घेतो. स्टिक मागे जाते, शेवटची दोन बोटं सुटतात, पुढे येताना अलगद मिटतात. बॉल खिशाच्या मधोमध पडतो. तो लगेच दुसरा लावतो, मग तिसरा. निघताना स्टँडमधल्या शेवटच्या खाचेत तो एकोणीसची उभी करतो आणि बुडाला मनगटावरचा लाल दोरा बांधतो.

"उद्या हीच ठेवा, भाऊ."